पोटभर मोमो, दीडशे रुपये

माणूस किती जेवेल याचा अंदाज त्याच्या अंगकाठीवरून बांधू नये, हे खानावळ चालवणाऱ्याला लवकरच कळतं. धिप्पाड गडी दोनदा भात घेऊन हात धुवायला उठतो आणि हडकुळी मुलगी सोलकढीच्या चार वाट्या रिचवून पुन्हा आमटी मागते. त्याचं मला नवल वाटेनासं झालं होतं. पण ‘पोटभर’ अशी पाटी लावून तिच्यापुढे आकडा लिहिला की तीच माणसं कशी जेवतात, हे मला मोमोंनी दाखवलं.

मालवणच्या बंदर जेटीकडून बाजारपेठेत येणाऱ्या एका गल्लीत आमचं घर आहे. सासूबाईंनी पडवीत चार बाकडी टाकून खानावळ सुरू केली तेव्हा कोकण रेल्वे यायची होती. गिऱ्हाईक म्हणजे सरकारी कर्मचारी, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, कोर्टकचेरीला आलेले गाववाले. १९९८ साली रेल्वे पूर्ण धावायला लागली, मग किल्ला बघायला येणारे वाढले, पुढे तारकर्ली आणि स्कूबा डायव्हिंग यांचं नाव झालं. गिऱ्हाईक बदललं, थाळीचा नियम तोच राहिला. मासा मोजून, भात-आमटी-सोलकढी लागेल तितकी. यात उदारपणा फार नाही. माशाचा भाव रोज संध्याकाळी बंदरावरच्या लिलावात ठरतो. आज सुरमई परवडली म्हणून उद्या परवडेलच असं नाही. तांदळाचं तसं नसतं. ज्याचा भाव पक्का, तेच हात न आखडता वाढता येतं. आणि वाढताना आम्ही ‘अनलिमिटेड’ वगैरे काही म्हणत नाही. पातेलं घेऊन पंगतीतून फिरायचं, समोरचा ताटावर हात आडवा धरेपर्यंत.

संध्याकाळी मात्र पडवी रिकामी असायची. तिथे चायनीज सुरू करायचा विचार घरात बरीच वर्षं निघत होता. लाल पाटी, तिच्यावर ड्रॅगन, मोठ्या आचेवर खणखणणारी कढई. कुडाळ-कणकवलीपासून मालवणपर्यंत नाक्यानाक्यावर गाड्या उभ्या राहत होत्या. सासूबाईंचा विरोध होता आणि तो साधा होता. त्या वासात दुपारच्या माशांच्या तिखल्याची चव मरेल, असं त्यांचं म्हणणं. मलाही त्या गाड्यांवरचं मंचुरियन विशेष आवडत नाही. ते चीनहून आलेलंही नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं. आलं-लसूण-मिरची आपली, सोया सॉस चीनचा.

मोमो आमच्याकडे आले ते एका खलाशाबरोबर. कोकणात नेपाळी माणूस नवा नाही. हापूसच्या बागांत राखणीला तो असतो, ट्रॉलरवरही असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढल्या की खलाशी गावी जातात. हा काही गेला नव्हता. का, ते मी तेव्हा विचारलं नाही. भर पावसात तो थाळी खायला आला. बंदीच्या दिवसांत आमच्याकडे जे काही किनाऱ्यालगतचं मिळतं तेच असतं. त्या दिवशी नशिबाने बांगडे मिळाले होते आणि सासूबाईंनी तिखलं केलं होतं. तिखल्यात तिरफळं ठेचून घालतात. स्वाद उतरला की त्यांचं काम झालं. खाणारा ती ताटाच्या कडेला काढून ठेवतो. याने एक उचललं, हुंगलं, दाताखाली धरलं आणि हसायला लागला. “दीदी, ये तो हमारा टिमुर है!”

नव्हतं, पण फार चुकलाही नव्हता. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. पुढे एकदा त्यांनी जेवता जेवता सांगितलं, की आपलं तिरफळ, नेपाळचं टिमुर आणि चीनच्या सिचुआन प्रांतातली ती जीभ बधिर करणारी मिरी, ही सगळी झँथॉक्सिलम नावाच्या एकाच वंशातली झाडं. अंगाला काटे, फळाची साल कामाची, बी टाकाऊ. म्हणजे चायनीजच्या वासाने आपलं तिखलं बिघडेल म्हणणाऱ्या सासूबाई आयुष्यभर त्याच घराण्यातला मसाला ठेचत होत्या. मी त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मगे तेंकाच सांग, आमच्याकडून नेल्यानी म्हणान.”

तो पावसाळा त्याने आमच्याकडे भांडी घासली, मासे साफ केले. एकदा खानावळीला सुट्टी होती, तेव्हा त्याने स्वतःपुरते मोमो केले. मैदा मळून ओल्या फडक्याखाली ठेवला. कोबी बारीक चिरून, मीठ लावून, पिळून घेतला. हे पिळणं महत्त्वाचं. पाणी राहिलं की पारी फाटते. कांदा, आलं, लसूण, कोंबडीचा खिमा, वरून कच्चं तेल. वाफवायला भांडं नव्हतं म्हणून त्याने आमचं मोदकपात्र घेतलं. मी चाळणीत सवयीने हळदीची पानं अंथरली. सासूबाईंनी एक मोमो उचलून चारी बाजूंनी पाहिला, पाकळ्या मोजल्या, तोंडात टाकला आणि मला विचारलं, “गूळ घालूक इसारलंस काय गो?”

पण खाल्ले त्यांनी बरेच. त्यांना खरं आवडलं ते त्याच्या हाताचं काम. मोमोच्या पाकळ्या वळसा घेत एका कडेने फिरतात, मोदकाच्या सरळ वर जाऊन टोकाला मिळतात. त्या वर्षी चतुर्थीला त्यांनी त्याला मोदक वळायला बसवलं. पहिले काही फाटले. मैद्याला ताण असतो, ओढलं तर येतो. तांदळाच्या उकडीला तो नाही. ती गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून दाबत दाबत पसरवावी लागते. दुपारपर्यंत त्याला जमलं. उत्तर चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री घरातली सगळी माणसं अशीच गोल बसून जिआओझं वळतात, असं मी नंतर वाचलं. त्यांचाही म्हणे गप्पांत अर्धा वेळ जातो.

तो खलाशी आमचा कारागीर म्हणून राहिला आणि त्या मोसमापासून संध्याकाळी पडवीत मोमो सुरू झाले, आठाची एक प्लेट. आणि मग पुण्याहून माझा भाचा आला. त्याने दोन दिवस गल्ल्याशेजारी बसून बघितलं आणि पाटीची कल्पना काढली: पोटभर मोमो, दीडशे रुपये. हिशोब त्याने वहीवर मांडून दाखवला. किलोभर मैद्याचे शंभराच्या आसपास मोमो होतात. कोबी घाटावरून येतो, तो एरवी स्वस्तच. चिकनचा भाव वरखाली होतो, पण एका मोमोत खिमा असतोच किती? गॅस धरून एक मोमो साडेतीन रुपयांच्या आत पडत होता. सर्वसाधारण माणूस सोळावर थांबतो, विसापुढे रेंगाळतो, तिशी गाठणारे विरळ. तिशी गाठली तरी आपलं नुकसान नाही. हिशोब बरोबर होता, आणि शेवटपर्यंत बरोबरच राहिला. धंद्यात आम्हाला त्या पाटीने कधी तोटा दिला नाही.

बदललं ते जेवणं. दुपारी ज्या बाकावर माणूस ताटावर हात धरून “पुरो, पुरो” म्हणायचा, त्याच बाकावर संध्याकाळी तोच माणूस मोजायला लागला. थाळीत त्याने भाताच्या मुदी कधी मोजल्या नव्हत्या. आता नवराबायको एकमेकांना विचारायचे, “तुझे किती झाले?” डायव्हिंग करून आलेली पोरं खरोखर भुकेली असायची. पहिली प्लेट ती न बोलता संपवायची, आणि ते बघायला मला आवडायचं. तिसऱ्या प्लेटीपासून भूक संपलेली असायची आणि स्पर्धा सुरू व्हायची. आतलं सारण चिकनचं की कोबीचं, हेही कोणाच्या लक्षात राहत नसे. मी मुद्दाम मध्येच सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, मोमो घालून पाहिले. सुंगटं काही स्वस्त नव्हती. कोल्हापूरच्या एका टोळक्याने ते तसेच गिळले. एकानेही विचारलं नाही, की हे वेगळं काय होतं.

या ठिकाणी वाढणाऱ्याचीही नजर बदलते, हे लिहायला हवं. पंगतीत मी समोरच्याच्या ताटाकडे बघत असे, रिकामं झालं का म्हणून. पाटी लावल्यावर मी चेहऱ्याकडे बघायला लागले, हा आता थांबणार की नाही म्हणून. नवऱ्याने सुचवलं, पारी जरा जाड लाटू, लवकर पोट भरेल. आमच्या कारागिराने साफ नकार दिला. जाड पारी कडेला कच्ची राहते आणि उद्या कोणाचं पोट दुखलं तर नाव त्याच्या हाताचं जाईल. मग सूप आधी द्यायचं ठरलं. सूप चांगलं होतं, कोंबडीची हाडं उकळून केलेलं. पण ते आधी देण्याचं कारण काय, ते आम्हा तिघांना माहीत होतं. बाकीचा हिशोब भांड्यानेच सांभाळला. तीन थरांचं नवं भांडं आणलं होतं. एक घाणा वाफायला बारा मिनिटं लागतात. पोट भरल्याची वर्दी डोक्यापर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात असं डॉक्टर सांगतात. दोन घाण्यांमध्ये ती आपोआप पोचायची. भांडी दोन ठेवली असती तर खप वाढला असता. आम्ही कधी दुसरं आणलं नाही.

हीच विद्या मोठ्या प्रमाणावर कशी चालते ते मी पुण्यात पाहिलं. भाच्याने आम्हा दोघी सासवा-सुनांना एका अनलिमिटेड डिमसमच्या हॉटेलात नेलं. दर आमच्या कितीतरी पट, पण तिथल्या मानाने स्वस्तच म्हणे. वेळ दीड तास. आधी सूप आलं, पाठोपाठ तळलेलं काहीतरी, मग फ्राइड राइस. तो तर मागितलाही नव्हता. मग बांबूच्या टोपल्या, एका टोपलीत तीनच. आधी मक्याचे, पालकाचे; कोळंबीचे मागितल्यावर, आणि तेही दोनदा आठवण केल्यावर. टोपली सुरेख. पारी इतकी पातळ की आतली कोळंबी दिसत होती. गव्हाचं सत्त्व वापरतात त्याला, मैदा नाही. मी मनात दाद दिली. भाच्याला मात्र पैसे वसूल करायचे होते आणि तो घामाघूम होईपर्यंत खात राहिला. सासूबाईंनी तीन टोपल्यांनंतर हात आवरला आणि तिथल्या पोराला म्हणाल्या, “पुरो बाबा.” त्याला कळलं नाही. त्याने विचारलं, “आजी, नेक्स्ट काय आणू?” त्यांनी टोपलीवर हात आडवा धरला. तोही त्याला कळला नाही. त्याने बाजूने चौथी ठेवली.

येताना गाडीत त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आंबोलीचा घाट उतरताना एवढंच म्हणाल्या, की तिथे कोणीच कोणाला वाढत नव्हतं.

गावी परतल्यावर दोन गोष्टी घडल्या, त्यांचा क्रम आता मला नीट आठवत नाही. एक म्हणजे दंडाची पाटी. लोक प्लेटीत टाकून द्यायला लागले होते. चटणीच्या वाटीखाली, कागदी रुमालात गुंडाळून बाकाखाली मोमो सापडायचे. एका पर्सला तेलाचे डाग पडलेले मी स्वतः पाहिले. नवऱ्याने लिहून लावलं: टाकलेल्या प्रत्येक मोमोला दहा रुपये. दुसऱ्या दिवशी ती पाटी चुलीपाशी उलटी ठेवलेली होती आणि तिच्यावर सासूबाई नारळ खवत होत्या. त्याने जाब विचारला, तर त्यांनी मला विचारलं, “पैशे घेतलंस मां तेंच्याकडून? मगे आता मोजतंस कित्याक?”

दुसरी म्हणजे एक बाई. काजूच्या कारखान्यात बिया सोलणाऱ्या बायकांची बोटं ओळखू येतात. चिकाने काळी पडलेली असतात. दोन मुलांना घेऊन ती किल्ला बघायला आली होती. तिने एकच ‘पोटभर’ घेतलं आणि समोर ठेवून मुलांना भरवायला लागली. आमच्या नियमात ते बसत नव्हतं. एकाची एक प्लेट, असं पाटीवर लिहिलेलं होतं. आमचा कारागीर आतून बघत होता. त्याने काही न विचारता तीन प्लेटी नेऊन ठेवल्या, आणि पुन्हा गेला, आणि पुन्हा. नवरा गल्ल्यावरून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला डोळ्यांनी गप्प बसवलं. बाईने शेवटी स्वतः चार-पाच खाल्ले असतील. जाताना तिने दीडशे रुपये दिले आणि वर प्लेटी उचलून मोरीवर नेऊन ठेवल्या. त्यानंतर मुलांचे पैसे घेणं आम्ही थांबवलं. पडवीच्या कठड्याहून उंच असेल त्याचे पैसे, एवढा नियम.

खरी परीक्षा वेगळ्याच कारणाने झाली. १६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. लॉकडाउनचे निर्बंध होतेच, बसून जेवायला बंदी, त्यामुळे पडवी आधीपासून थंड. वादळाने माड आडवे केले, कौलं उडवली, विजेचे खांब मुळापासून वाकवले. दिवसचे दिवस वीज नव्हती. फ्रीजरमधली सुरमई आणि कोंबडी पहिल्या दोन दिवसांतच पुरून टाकावी लागली. उरलं काय तर मैद्याची पोती, कांदे आणि गॅस. कोबी नव्हता. परसातल्या पपया वाऱ्याने हिरव्याच पडल्या होत्या. कारागिराने त्या किसून, मीठ लावून पिळल्या. सासूबाईंनी फडताळातला गोलमो, म्हणजे सुका जवळा, काढला, भाजला, चुरला. कच्ची पपई आणि गोलमो यांचं सारण. इतके चांगले मोमो आम्ही आधी केले नव्हते आणि नंतरही तसे झाले नाहीत.

ते खाल्ले वीजकामगारांनी. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली माणसं होती. दिवसभर पडलेली झाडं कापायची, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. काळोखात, कंदिलाच्या उजेडात आम्ही त्यांना पडवीच्या पायऱ्यांवर अंतराने बसवलं. मोजायचा प्रश्न नव्हता, पाटीही वाऱ्याने कुठे गेली होती. माझा अंदाज होता की एकेक जण पस्तीस-चाळीस खाईल, आणि तेवढी तयारी आम्ही केली. ते दहा-बाराला थांबले. मी आग्रह केला तेव्हा त्यांच्यातला एक जाणता गडी म्हणाला, “ताई, जड झालं की खांबावर चढवत नाही.” ते रोज आले आणि रोज तेवढंच खाऊन गेले. निघताना पैसे विचारले, तर सासूबाई म्हणाल्या, “आधी दिवे लावा, पैशांचा मगे बघूया.”

त्या दिवसांनंतर मला ती पाटी परत लावावीशी वाटेना. नवऱ्याला वाटत होतं, आणि त्याचं चुकत नव्हतं. पर्यटक परतले होते, पुढच्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ सुरू झाला, दरही वाढवता आले असते. आमची यावरून बरीच वादावादी झाली. एवढं माझ्या मनात पक्कं झालं होतं: मागून घ्यायचं असेल तर माणूस हक्काने मागतो आणि जास्तच मागतो, कोणी वाढायला समोर उभं राहिलं तर त्याचा हात आपोआप ताटावर जातो. हे सगळ्यांच्या बाबतीत खरं आहे असं नाही. जेटीवर राहणारा एक म्हातारा कधीच हात धरत नाही, आणि आम्हीही त्याची वाट बघत नाही.

कारागिराने मध्यंतरी लग्न केलं आणि कुडाळला स्वतःची गाडी टाकली. तो आठाच्या प्लेटीनेच विकतो, उधारी ठेवत नाही. टिमुर त्याला गावाहून येतं, पण चटणीसाठी तिरफळं अजून आमच्याकडून नेतो. आमच्याकडे आता शेजारच्या दोन बायका मोमो वळायला येतात. दर आठाचे शंभर रुपये. प्लेट संपली की मी किंवा नवरा टोपली घेऊन बाकांमधून फिरतो आणि हवे तर आणखी वाढतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. सरासरी अकरा-बारावर येते. भाचा म्हणतो, ही काही पद्धत नव्हे, गर्दीत हे कोसळेल. कोसळतंच. नाताळच्या आठवड्यात पडवीबाहेर रांग लागते, टोपली घेऊन फिरायला जागा नसते, आणि ते आठ दिवस आम्ही मुकाट्याने मोजून आठच देतो. सासूबाई त्या आठवड्यात संध्याकाळच्या पडवीत येत नाहीत. माजघरात बसून टीव्ही बघतात, आणि कोणी विचारलंच तर सांगतात, की आज त्यांच्या घरची खानावळ बंद आहे.